बाहेर करून ये

"वनमालाऽ, गाडी आली गं! टिकल्याला आत घे!"

शेजारच्या शकूची हाक भिंतीपलीकडून आली आणि वनमालाचा झाडू थांबला. कुत्री धरणारी गाडी! सकाळी नळावर कुणीतरी म्हणालंही होतं, नाहूरच्या अंगाला फिरतेय म्हणून. पण मुलुंडच्या या आडबाजूच्या बैठ्या चाळीत ती कशाला मरायला येईल, म्हणून वनमालाने कानाआड केलं. टिकल्याच्या गळ्यात बिल्ला नव्हता. "चाळीतल्या कुत्र्याला कसलं आलंय लायसन," असं तिचा नवरा अंबादास म्हणाला होता, आणि तो शहाणा आता बसला होता कारखान्यात. बिनबिल्ल्याचं कुत्रं एकदा गाडीत गेलं की परत येत नाही, हे चाळीतलं शेंबडं पोरही जाणत होतं.

हातातल्या झाडूसकट ती दाराशी धावली. टिकल्या समोरच्या उकिरड्यापाशी हुंगत फिरत होता. गाडी गल्लीच्या तोंडाशी, रेशनच्या दुकानापुढे थांबलेली.

"टिकल्या! ये, ये लवकर!"

शेपूट हलवत तो आला. आला आणि उंबऱ्याबाहेरच बसला. तोंड वर करून तिच्याकडे बघत राहिला.

वनमालाच्या ध्यानात आलं. त्याचं अजून झालं नव्हतं. आणि न करता घरात यायचं नाही, हे त्याला तिनेच शिकवलं होतं. तसाच परत आला की झाडू उगारायचा, "बाहेर करून ये" म्हणून पिटाळायचं, करून आला की चपातीचा तुकडा. गुणी पिल्लू, शिकलं बिचारं. माझा टिकल्या माणसांपेक्षा शहाणा, म्हणून तिने सगळ्या चाळीत मिरवलं होतं.

"अरे ये ना मेल्या! राहू दे आज!"

ती त्याला उचलायला पुढे झाली. झाडू अजून हातातच होता. टिकल्याने झाडू पाहिला, कान पाडले आणि पळाला तो थेट उकिरड्यावर. घाईघाईने बसायला बघू लागला, पण भीतीने त्याला होत नव्हतं.

गाडीतून दोघे उतरले. एकाच्या हातात लांब लोखंडी चिमटा होता.

वनमालाने झाडू फेकून दिला. दारालगतच्या कोपऱ्यात तिने फतकल मारली. पहिल्या दिवसांत टिकल्या तिथेच करायचा आणि तिथेच मार खायचा. त्या फरशीवर ती हात आपटू लागली.

"इथे! इथे कर रे! आईशप्पत, नाय मारणार तुला!"

टिकल्या दारात आला. एक पाय उंबऱ्यावर ठेवून तिच्या हातांकडे बघू लागला. तिने दोन्ही तळवे उघडून दाखवले. मग तो अंग चोरत आत शिरला आणि तिने दार लोटून कडी घातली.

लगेच दारावर थाप पडली. "बाई, कुत्रा आत आला काय?"

"कुत्रा? कुत्रा नाय आमच्याकडे."

"आत्ता बघितला मी. बिल्ला आहे का त्याला?"

"नाय म्हटलं ना! एकटी बाई आहे मी घरात, दार नाय उघडणार."

बाहेरचा माणूस हलेना. टिकल्या तिच्या मांडीला चिकटून लटलट कापत होता आणि इतका वेळ धरून ठेवलेलं आता सुटलं. कोपऱ्यातून ओघळ निघाला. फरशी धुतलेलं पाणी जावं म्हणून अंबादासने उंबऱ्याला भोक पाडून घेतलं होतं. ओघळ नेमका तिकडेच चालला. भोकातून त्या माणसाची चप्पल दिसत होती.

टिकल्याने ओघळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मार चुकवायला मान खाली घातली आणि मध्येच थांबला.

वनमालाने पदराचा बोळा करून भोकात दाबला. दुसऱ्या हाताने त्याची पाठ थोपटत, बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, "कर बाळा. घरातच कर."