खुर्चीमागची नणंद

भावजयीच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या नणंदेच्या नजरेत चूक लगेच भरली.

एक गिऱ्हाईक कंपनी होती. तिच्या नावातून भांडून गेलेल्या भागीदाराला काढून टाकायचं होतं. वेबसाइटच्या प्रत्येक पानावरचं जुनं नाव जाऊन नवं यायचं, तेही एकाच कमांडने. नव्या नावात मधोमध '&' ही खूण होती. या खुणेआधी उलटी तिरकी रेघ दिली नाही, तर कॉम्प्युटर तिचा अर्थ घेतो, 'जे सापडलं तेच इथे परत लिही.' भावजयीने रेघ दिलीच नव्हती.

ऑफिसात पद्धत होती. कमांड चालवण्याआधी दुसऱ्या कुणीतरी मागे उभं राहून ती वाचायची. चूक दिसली तर खांद्यावर हात ठेवायचा. नणंदेने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

का म्हणून ठेवायचा? हिला इथे चिकटवली नणंदेने. हाताला धरून शिकवली नणंदेने. आता साहेब हिच्या हुशारीचे गोडवे गात होते, घरी सख्खा भाऊही तेच गात होता, आणि संध्याकाळी दोघींपैकी एकीचं नाव विभागप्रमुख म्हणून जाहीर व्हायचं होतं. नणंदेचा नुसता जळफळाट चालला होता.

भावजयीने एंटर दाबलं.

तासाभरात गिऱ्हाइकाचा फोन आला. त्या खुणेच्या जागी जुनं नाव उमटून भांडून गेलेला भागीदार पानोपानी उरलेल्या दोन मालकांच्या मधे ऐसपैस बसला होता. साहेबांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. भावजय रडली, चूक कबूल केली, सबब एकही सांगितली नाही. ते पद आता हिला मिळत नाही, या विचाराने नणंदेच्या जिवाला गारवा वाटला.

मग साहेबांनी विचारलं, मागे कोण उभं होतं. नणंदेने उत्तर आधीच ठरवून ठेवलं होतं. एवढीशी रेघ, कुणाच्याही नजरेतून सुटली असती. पण तिने तोंड उघडण्याआधीच भावजय डोळे पुसत मधे पडली.

"ताईंना काही बोलू नका, साहेब. हे बारकावे त्यांच्या वेळी कुठे होते? त्यांना कुठून माहीत असणार?"

साहेबांनी समजुतीने मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क कीव होती. नणंदेच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माहीत नसायला काय झालं?" ती म्हणाली. "हिने एंटर दाबायच्या आधीच दिसलं होतं मला."