मशीनचा विटाळ

"विटाळात मशीनला हळदकुंकू लावलंस! तेही खंडेनवमीला! मग बंद नाही पडणार?" दिगंबरची आई सुनेवर ओरडत होती. भरतकामाच्या मशीनपाशी कांचन मान खाली घालून उभी होती. दिवाळीचे ब्लाऊज तसेच पडले होते.

दिगंबर बाजूला बसून उगाच ब्लाऊजच्या घड्या घालत होता. काल पूजेआधी मशीनला जोडलेला कॉम्प्युटर पुसताना 'अपडेट करू नये' ही चिठ्ठी त्यानंच फाडून फेकली होती. सणाला सगळं नवं हवं म्हणून अपडेटही करून टाकलं. मशीनचं जुनं सॉफ्टवेअर नव्या सिस्टिमवर चालेना, एवढंच झालं होतं. पण आईला सांगायची छाती नव्हती.

आई गोठ्यावर गोमूत्र आणायला गेली, कांचन डोळे पुसत आत गेली. तेवढ्यात त्यानं गुपचूप जुनी सिस्टिम परत आणली. दोघी परतल्या. आईनं गोमूत्र शिंपडलं, त्यानं बटण दाबलं आणि मशीनची सुई खडखडायला लागली.

"बघ! आता न्हाल्याशिवाय हात लावू नकोस."

कांचननं स्वतःच्याच मशीनला लांबून नमस्कार केला. तेव्हा दिगंबरला राहवेना. "आई, तिचं काही चुकलं नाही. मी अपडेट केलं म्हणून बंद पडलं. आता मीच जुनं परत घातलं."

"घाल बायकोला पाठीशी," म्हणत आई आत गेली.

कांचन हळूच म्हणाली, "माझ्यासाठी कशाला खोटं बोललात? चूक माझीच होती."

आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडे इतक्या मायेनं पाहिलं.