मेंढ्यांची नक्षी

“पोराला पाण्यापासून लांब ठेव गं. वरचं बर्फ वितळायला लागलंय,” नेस्टा कुंपणापलीकडून म्हणाली. बोलताना तिची नजर नदीवर नव्हती, टुमच्या स्वेटरवर होती.

 तेगवेननं टुमला कडेवर घेतलं. निळा स्वेटर, खालच्या काठाला पांढऱ्या मेंढ्यांची रांग, त्यात एकच मेंढी काळी. नेस्टानं सगळं नीट पाहिलं, बादली उचलली आणि गोठ्याकडे चालू लागली.

शेतावर तेगवेनच्या तंबूशिवाय दुसरा तंबू नव्हता. वेल्सच्या डोंगरात, एप्रिलच्या गारठ्यात नदीकाठी मुक्कामाला येतंय कोण? नेस्टाचा नवरा एमरिस पहिल्याच दिवशी म्हणाला होता, “ऑक्टोबरातही तुम्हीच आला होतात ना? तेव्हा एकट्या, आता पोराला घेऊन. बाई, उन्हाळ्याचं काही वावडं आहे का तुम्हाला?” ती नुसती हसली होती. तंबूसाठी जागा मात्र तिनं मागून घेतली होती, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरची.

आता तंबू आतूनही ओलावला होता. टुमला खोकला धरला होता. परत गेलं तर दार उघडेल असं एकही घर तिच्या माहितीत उरलं नव्हतं. आज बोलायचंच, असं तिनं ठरवलं होतं. टुम गेथिनचा आहे, हे सांगून टाकायचं. गेथिन या दोघांचा एकुलता एक मुलगा. दोन हिवाळ्यांपूर्वी खिंडीतल्या वळणावर मोटारसायकल घसरली आणि तो गेला. हे दोघं टुमला आपला म्हणतील की वाटेला लावतील, एवढाच प्रश्न होता.

तंबूवाल्यांसाठी भांडी घासायची एक खोली होती. तिथे सिंकच्या वर गेथिनचा लहानपणीचा फोटो होता. मेंढ्यांच्या नक्षीच्या निळ्या स्वेटरमधला पोरगा, बगलेत कोकरू. तेगवेननं कप विसळला आणि मान वर न करता ती बाहेर पडली. बघायची गरज नव्हती. फोटो तिला ऑक्टोबरातच पाठ झाला होता.

“इकडे या, टुमला गंमत दाखवतो,” एमरिसनं गोठ्यातून हाक मारली.

त्याच्या मांडीवर एक कोकरू होतं आणि तो त्याला दुसऱ्याच कोकराचं कातडं अंगरख्यासारखं चढवत होता, चार पाय चार भोकांतून. तेगवेननं टुमचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवलं.

“सोयरीक जुळवतोय,” एमरिस म्हणाला. “या मेंढीचं कोकरू सकाळी गेलं. याची आई काल गेली. मेलेल्याचं कातडं याच्या अंगावर घातलं की वासानं तिला वाटतं, आपलंच आहे.”

मेंढीनं कोकराला शेपटीपाशी हुंगलं. मग डोक्यानं ढकलून दिलं. कोकरू उठलं आणि पुन्हा कासेशी घुसलं. या वेळी मेंढी हलली नाही. थोड्या वेळानं कोकराची शेपटी थरथरायला लागली.

“फसली,” एमरिस म्हणाला.

“तिला विचारलंस?” नेस्टा दारात उभी होती. “जन्म गेला मेंढ्यांत, पण मेंढी काही कळली नाही तुला. कास दाटली की दुखते, म्हाताऱ्या.”

“बघा, माझ्याच गोठ्यात माझी ही किंमत.”

“चला आत. चहा टाकलाय. तूही ये गं.”

स्वयंपाकघर उबदार होतं. नेस्टानं मनुकांच्या पावाचे काप करून त्यांना लोणी लावलं. टुम एमरिसच्या गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी खायला लागला. तेगवेन बोटावरचा घट्टा अंगठ्यानं चोळत राहिली. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला हिवाळाभरात पडलेला घट्टा.

“मला काही सांगायचंय,” ती म्हणाली. “गेथिन माझ्या ओळखीचा होता. कॉलेजात होते तेव्हापासून. टुम त्याचा आहे.”

सुरी थांबली.

“आधी सांगायचा धीर झाला नाही. हा स्वेटर त्यानंच दिला होता. म्हणाला, जपून ठेव, आईनं विणलाय.”

एमरिसनं टुमला जरा लांब धरून पाहिलं. “नेस्टा, मी काल म्हणालो नव्हतो तुला? ही तुझीच नक्षी. ती एक काळी मेंढीसुद्धा आहे बघ.” तो टुमला घेऊन उठला. “चल रे गड्या, तुझ्या बापाचा ट्रॅक्टर दाखवतो. त्यानं रंगवलेला, भोपळ्यासारखा दिसतो.”

दार बंद झालं. खिडकीतून त्याचा वाकलेला खांदा आणि त्यावर टुमच्या स्वेटरच्या निळ्या बाह्या दिसत राहिल्या.

नेस्टानं लोण्याचं भांडं झाकलं. “तंबू आजच काढ. वरच्या खोलीत गादी घालते, पोराचा खोकला बरा नाही.”

तेगवेननं ओंजळीत तोंड लपवलं. नेस्टानं तिचा एक हात ओढून घेतला आणि बोटावरचा घट्टा चाचपून पाहिला.

“विणताना उलट्या बाजूला गाठी फार सोडतेस तू,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “आणि एमरिसला हे कधी सांगू नकोस. गेथिनला मार बसेल म्हणून मीही तेव्हा बोलले नव्हते. तो फोटो काढला ना, त्याच संध्याकाळी गेथिननं आपला स्वेटर त्या कोकराला घातला होता, आणि स्वेटरासकट ते कोकरू नदीनं नेलं.”