चांदीचं कडं
लकव्याने अंथरुणाला खिळलेला नवल दिवसभर मोबाइलच्या ॲपवर जुनी अमेरिकन कुस्ती बघायचा आणि भेटायला आलेला मेहुणा वना शेजारी बसून नाक मुरडायचा. “नुरा कुस्ती ही, निकाल आधीच ठरलेला!” आज नवलने डाव मागे नेऊन पुन्हा दाखवला. “बघा भाऊ, पडणारा स्वतःच उडी मारतो.” मनगटातलं सैल झालेलं चांदीचं कडं फिरवत त्याने हळूच विचारलं, “पारोळ्याच्या यात्रेतल्या आपल्या कुस्तीत तुम्हीबी अशीच मारली व्हती ना?” नवलने आयुष्यात जिंकलेली ती एकच कुस्ती, आणि हे कडं तिचंच बक्षीस. ते कडं बघूनच वनाच्या बापाने त्याला पोरगी दिली होती. वना जावयावर उसळला, “पाहुणा, डोकं ठिकाणावर शे ना? चार दिवस कंबर धरून बसलो व्हतो मी!” नवलचा चेहरा उजळला. कंबर खरंच दुखली होती. स्वतःहून पडायची वनाला सवय नव्हती.