खोटा फोन

मागे एका भामट्याने वडिलांना फोनवर गोड बोलून गंडवलं, तेव्हापासून लेक त्यांना रोज बजावायची, "अनोळखी माणूस काहीही सांगो, फोन ठेवून द्यायचा." आज ती दवाखान्यातून थेट माहेरी आली, हातात आईची चप्पल होती. दार उघडताच वडील फुशारून म्हणाले, "अगं, आज एकाची चांगलीच जिरवली! म्हणे, तुमच्या मिसेस बाजारात कोसळल्यात, तुमचं नाव घेताहेत, लगेच या. म्हटलं, दुसरं गिऱ्हाईक बघ. बेट्याने तीनदा केला, मी तीनदा आपटला!" तो फोन औषधवाल्याने केला होता, आईने धापा टाकत सांगितलेल्या नंबरावर. त्याच्या दुकानातल्या बाकावर ती शेवटपर्यंत रस्त्याकडे बघत होती. "बरोबर केलं ना गं?" "अगदी बरोबर केलंत, बाबा," ती म्हणाली आणि तिने हात धरून त्यांना आधी खुर्चीत बसवलं.