बिनघुंगराचा

"सगळी काढ, आत्या. एकही ठेवू नकोस."

भाच्याने कमरपट्टा टेबलावर टाकला. पट्ट्यावरची पितळी घुंगरं खळखळून वाजली. दुकानात उभे असलेले त्याचे मित्र हसले. सगळ्यांच्या हातात तसेच पट्टे होते.

आत्याने कात्री उचलली. ही घुंगरं तिनेच शिवली होती, दुहेरी दोऱ्याने, निघू नयेत म्हणून. जागल्याच्या चाहत्यांचा दरवर्षी मेळावा भरायचा आणि त्याआधी तिच्या दुकानात जागल्याचे काळे झगे रांगेने लोंबायचे. चित्रकथेतला हा जागल्या कुणावरही हात उगारण्याआधी घुंगरं वाजवत यायचा. ज्याला सुधारायचं असेल त्याने तेवढ्यात सुधारावं, हा त्याचा नेम.

यंदा छापणाऱ्यांनी जागल्याच बदलला. नव्या जागल्याला घुंगरं नाहीत. बूटही मऊ तळाचे. तो मागे येऊन उभा राहतो तेव्हाच कळतं.

"मला तर जुनाच बरा वाटायचा," आत्या म्हणाली. "येतोय हे कळायचं तरी."

"तेच तर! कळायचं आणि माणसं पळून जायची. लहानपणी किती चिडायचो मी त्याच्यावर." भाच्याचे डोळे चमकत होते. "आता कोणी पळत नाही."

"चला, आपला देव वयात आला," टपाल कचेरीतला जाड्या म्हणाला. पुन्हा हशा झाला. पण आपला पट्टा देताना त्याचा हात घुंगरांवर रेंगाळला. तो आत्याच्या कानाशी वाकला. "आत्या, माझं एक बाजूला ठेवाल? उशीखाली घेऊन झोपायचो लहानपणी."

"काय रे जाड्या, डोळ्यांत पाणी?" मागून कोणीतरी ओरडलं.

"कापसाचा कण गेला," म्हणत जाड्या मागे सरला.

वरच्या खोलीत खुर्ची सरकली. हसू थांबलं. सगळ्यांनी एकदम माना वर केल्या.

वर आत्याचे भाडेकरू राहायचे, म्हातारे चित्रकार काका. जुना जागल्या त्यांच्याच हातचा. चित्रं काढून काढून त्यांची नजर गेली आणि आता ते माणूस पायरवावरून ओळखायचे. आत्या जिन्यावर पाऊल ठेवी न ठेवी तोच वरून विचारायचे, "आज गुडघा जास्त दुखतोय का बाई?" गेल्या आठवड्यात पुस्तकांच्या दुकानात, चारचौघांत ते बोलून गेले होते, "हा जागल्या नव्हे. हा दबा धरणारा चोर आहे. आणि याच्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांची मला भीती वाटते."

"काका संध्याकाळी घरीच असतात ना?" भाच्याने विचारलं. आवाज गोड होता.

"जाणार कुठे? डोळ्यांनी दिसत नाही बिचाऱ्यांना." बोलून आत्याने जीभ चावली. "का रे?"

"सहज. मेळाव्याला बोलवावं म्हटलं."

"ते नाही यायचे."

"मग आम्हीच जाऊ वर," भाचा म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही.

आत्या घुंगरं कापत राहिली. एकेक डब्यात पडत होतं. सगळी ओळखीची पोरं, कोणी मास्तर, कोणी औषधवाला. काय करतील? दोन शब्द सुनावतील आणि येतील खाली. भाच्याला तर तिनेच लहानाचा मोठा केला. मुंगी मेली तरी रडणारं पोर ते. असं मनाशी घोळवत तिने त्याचा झगा उसवलेली कड शिवायला मशीनखाली घेतला. तो मित्रांना नव्या अंकातलं चित्र दाखवत होता. जागल्या पाठीमागून एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतोय, असं चित्र. त्यावर सगळे झुकले होते.

आत्याने डब्यातलं एक घुंगरू उचललं आणि झग्याच्या कडेत सरकवलं. वरून बारीक टीप मारली. जिना चढताना वाजलं की वर काकांना कळेल. काका आतून कडी घालतील.

पोरं झगे आणि मऊ तळाचे बूट घालून गेली. रस्त्यावर त्यांचं हसणं दूर गेलं, मग थांबलं. उजेड उतरत आला होता. आत्याने केर काढला, दोरे गोळा केले, घुंगरांच्या डब्याला झाकण लावलं. कान मात्र मागच्या दाराकडे. त्यामागच्या बोळातूनच जिना वर जायचा. तिकडून काहीच ऐकू आलं नाही. उगीच आपलं मन चिंती ते वैरी न चिंती, असं म्हणून तिने मशीनवर कापड टाकलं आणि ती वळली.

भाचा टेबलापाशी उभा होता. दार कधी उघडलं, तो कधी आत आला, तिला कळलंच नव्हतं. त्याच्या झग्याची कड नीट उसवलेली होती, एकही दोरा न तुटता. तसं उसवायला तिनेच त्याला शिकवलं होतं.

त्याने मूठ उघडली. घुंगरू टेबलावर अलगद ठेवलं, आवाज होऊ न देता.

"एक राहिलं होतं, आत्या."

"बाकीचे कुठे आहेत?"

तो नुसता मागच्या दारासमोर जाऊन उभा राहिला, लहानपणी आट्यापाट्यांत राहायचा तसा, हात पसरून.

वरच्या खोलीत खुर्ची सरकली.

"कोण आहे?" काकांनी विचारलं. मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, "बाई, तुम्ही आहात का?"