रुंद बुडाची होडी

वॉशिंग मशीनने काम संपल्याची शिट्टी दिली आणि रविवार दुपारची शांतता मोडली. ती कपडे वाळत घालायला मागच्या दारी गेली. नवरा नेहमीच्या जागी, पायरीवर बसला होता. हात गुडघ्यांत, नजर समोर. त्या बाजूला झाडांपलीकडे तळं होतं.

चार वर्षं दर रविवारी तो असाच बसायचा. आणि चार वर्षं ते पाहून तिला अपराधी वाटायचं.

चार वर्षांपूर्वी त्यांची लेक ठकी तीन वर्षांची होती, तापाने फणफणलेली. तो पहाटेच गळ आणि आपली अरुंद कयाक, एकट्याने वल्हवायची होडी, घेऊन माशांमागे गेलेला. फोन लागत नव्हता. दुपार कलल्यावर तो दारात उभा राहिला, नखशिखांत भिजलेला. काही म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण तिने त्याला बोलूच दिलं नाही. तळं हवंय की आम्ही, काय ते आज ठरव, असं ती म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी त्याने कयाक शेजारच्या इलेक्ट्रिशियनला देऊन टाकली. ना भांडण, ना टोमणा. भांडला असता तर बरं, असं तिला पुढे वाटत राहिलं.

टोमण्यांची कसर नणंदेने भरून काढली. माझ्या भावाला ना दारू, ना पत्ते, एकच नाद होता, तोही वहिनीने सोडवला, हे तिचं ठरलेलं वाक्य. हसत म्हणायची, पण काटा बरोबर रुतायचा.

म्हणून यंदा तिने मनाशी ठरवलं, हिरावलेलं परत द्यायचं. ठकी शाळेत गेली की भाजी निवडता निवडता मोबाइलवर कयाक बघत बसायची. त्याचा खांदा हल्ली दुखायचा, वल्हं मारणं जमणार नव्हतं. तेव्हा पायडलची हवी, सायकलसारखी पायांनी चालणारी, म्हणजे हात गळाला मोकळे. पायडल उलटं फिरवलं की मागेही येणारी. पाठ टेकेल अशी खुर्ची हवी, कारण त्याचं अंगही सुटलं होतं. आणि बूड रुंद हवं, चांगलं ऐसपैस, माणूस उभा राहिला तरी डुलू नये असं. पंधरा दिवसांत तिची तयारी अशी झाली की दुकानदार म्हणाला, ताई, उद्यापासून दुकानात तुम्हीच उभ्या राहा, मी घरी झोपतो.

नवऱ्याला सांगायला मात्र धीर होईना. एका संध्याकाळी तो ठकीच्या वह्यांना कव्हरं घालत होता, तेव्हा तिने विषय काढला. त्याची कात्री थांबली.

"कशाला उगाच?"

"माझं चुकलं होतं तेव्हा," ती म्हणाली. एवढं म्हणायला तिला चार वर्षं लागली होती.

त्याने कात्री खाली ठेवली. "तुला खरंच वाटतं, मी जावं?"

"अगदी मनापासून."

"मग बघू," तो म्हणाला, आणि वहीचा कोपरा नीट दुमडू लागला.

दुकानात त्याने ना रंग पाहिला, ना गळ अडकवायच्या खोबणी. कलंडते का, एवढंच विचारलं. दुकानदाराने एक पाय कडेवर देऊन, भार टाकून दाखवला. त्याने पुन्हा तेच विचारलं. मग विचारलं, उलटलीच तर माणसाला सुटता येतं का? दुकानदार म्हणाला, ही वरून उघडी आहे साहेब, माणूस सरळ बाहेर पडतो. आणि तिच्याकडे वळून कौतुकाने म्हणाला, मुरलेला माणूस असाच विचारतो बघा. तिला उगाच अभिमान वाटला.

दोन कयाक पसंतीला उतरल्या. एक लांब, वेगाने पाणी कापणारी, दुसरी आखूड, रुंद, म्हशीसारखी शांत. तिने म्हशीवर हात ठेवला. तू म्हणशील ती, तो म्हणाला.

रविवारी सकाळी तिघं तळ्यावर गेली. त्याने तरंगायचं जाकीट घरूनच घातलं होतं. स्वयंपाकघरात बुडणार आहेस का, म्हणून ती त्याला हसली. तोही हसला. वाटेत ठकी कधी नव्हे ती गप्प होती, बाबांचं बोट सोडत नव्हती. काठावर तो तिच्यापुढे वाकला, कानात काहीतरी बोलला आणि हलकेच बोट सोडवून घेतलं.

तो खुर्चीत बसला. तिने पायडलचं अंतर त्याच्या पायांना जुळवून दिलं, गळ हातात दिला.

"ढकल," तो म्हणाला.

तिने दोन्ही हातांनी कयाक पाण्यात लोटली. ती जराही डुलली नाही. त्याचे पाय फिरू लागले, पाण्यावर सरळ रेघ उमटत गेली. तो मागे वळला नाही. आता कुठलं मागे बघतोय, तिला वाटलं. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं हलकं वाटलं.

ठकी तिच्या कुशीत शिरली.

"बाबांनी मला एक गोष्ट सांगितलीये. तुला सांगायची नाही म्हणून."

"मग नको सांगू," ती हसून म्हणाली. नजर कयाकवरच होती.

"पोहायच्या वर्गात मी पाण्यात उतरत नव्हते ना, रडत होते, तेव्हा सांगितली. ते म्हणाले, मलापण पाण्याची खूप भीती वाटते. मी लहान असताना मला ताप आला होता ना, त्या दिवशी ते होडीखाली अडकले होते. श्वासच येत नव्हता. म्हणाले, बरं झालं, आईनेच जाऊ नको म्हटलं, मला कुणाला सांगावं लागलं नाही."

कयाक तळ्याच्या मध्यावर पोचली होती. पाय थांबले होते. गळ तसाच आडवा पडलेला, आणि दोन्ही हातांनी त्याने कडा धरल्या होत्या.

ठकीने मान वर केली.

"मग आज तू त्यांना का ढकललंस, आई?"